नाव ठरलं, बक्षीस ठरलं. नकाशा कुणाला विचारून?

मा. एकनाथ शिंदे साहेब,
उपमुख्यमंत्री व नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

पंतप्रधानांच्या पंचाहत्तरीनिमित्त सप्टेंबर 2025 मध्ये आपण राज्यातल्या 394 नगरपरिषदा-नगरपंचायतींना प्रत्येकी 1 कोटीचं ‘नमो उद्यान’ जाहीर केलंत. लोणंदही नगरपंचायतच, तेव्हा आम्हीही त्या 394 मधले. आभारी आहोत. आभार इथं संपले.

बागेचं नाव ठरलं. रक्कम ठरली. प्रत्येक विभागातल्या पहिल्या तीन बागांना 5, 3 आणि 1 कोटी, असं बक्षीससुद्धा ठरलं. बागेत काय असावं, इमारत असावी की नसावी, असली तर कशासाठी, हे तिथं जाऊन बसणाऱ्यांना कधी विचारणार, एवढंच राहिलं. याबाबत एका सरकारी कार्यालयात निवेदन दिलं, पोच घेतली. पुन्हा विचारायला गेलो तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी मानही वर न करता विचारलं, “तुम्हाला बाग पाहिजे का नकाशा?” नंतर आलेल्या पत्रात निवेदन ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पाठवल्याचं कळवलं होतं. कुठं पाठवलं, ते त्या पत्रात नव्हतं.

म्हणून हिशेब आपल्यालाच सांगतो. एक एकराची बाग धरा, म्हणजे 43,560 चौरस फूट. आपल्याच विभागाच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत खासगी लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर तळमजल्याचं बांधकाम 10 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. तेच माप इथं लावलं तर इमारत 4,356 चौरस फुटांची. चौरस फुटाला 2,000 रुपये असा स्वस्तातला दर धरला तरी 87 लाख 12 हजार. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 15 लाख 68 हजार. बेरीज 1 कोटी 2 लाख 80 हजार. एक रोप लावायच्या आधीच आपला कोटी संपून वर 2 लाख 80 हजारांची उधारी! कुंपण, बोअर, दिवे, माळी, पाण्याचं बिल हे सगळं अजून बाकीच आहे. माळ्याचा पगार तर दर महिन्याला येतो, कुणाची पंचाहत्तरी असो वा नसो.

म्हणजे इमारत लहान हवी आणि नेमकी हवी. नेमकी कशी, हे मंत्रालयातला किंवा पुण्यातला कन्सल्टंट कसं सांगणार? ते कांद्याच्या बाजारात वखारीपुढं दिवसभर उन्हात कांदा निवडणाऱ्या बायकांना विचारा. त्या कारंजं मागणार नाहीत. पाणी येणारं, आतून कडी लागणारं, रस्त्याच्या बाजूनं दार असलेलं स्वच्छतागृह मागतील. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा पहिला मुक्काम लोणंदला. त्या गर्दीतल्या वारकरी बायांना विचारा. चहूबाजूंनी उघडं, खोल पडवीचं एक साधं छप्पर मिळालं तर वारीत निवारा होईल, एरवी पोरांना अभ्यासाला नि म्हाताऱ्यांना टेकायला जागा. न विचारता काय मिळतं, ते गावोगाव दिसतंच: रंगीत पेव्हर ब्लॉक, ‘आय लव्ह’वाला सेल्फी पॉइंट, एप्रिलात हात भाजणारं स्टीलचं रेलिंग, ओपन जिमचं गंजलेलं यंत्र आणि शौचालयाला कुलूप. खंडाळा तालुक्याच्या या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात लॉन हिरवं ठेवायला कुणाच्या वाट्याचं पाणी तोडणार, हाही प्रश्न आहेच.

साहेब, आपण याच जिल्ह्याचे. दरे गावी आलात की शेतात रमता, स्वतः रोपं लावता, त्याचे फोटो आम्ही पाहतो. तिथं वाफा कुठं घालायचा ते आपण जमिनीचा उतार बघून ठरवत असाल. मग 394 गावांना मात्र जमीन बघायच्या आधीच एकच आकडा? आणि स्पर्धा पाहा. सहा महसुली विभाग, प्रत्येकी तीन बक्षिसं, म्हणजे 18 गावांना मिळून 54 कोटी. उरलेल्या 376 गावांनी टाळ्या वाजवायच्या. गुण कशाला देणार? विजेच्या माळांना, की दोन उन्हाळे जगलेल्या झाडांना? जी बाग पाण्यावाचून तहानलेली आहे तिला वर एक पैसा नाही आणि जी आधीच चकाकली तिला आणखी 5 कोटी, हा न्याय कुठला?

कोल्हापूरचा टाउन हॉल 1870 च्या दशकात मेजर मँट या अभियंत्यानं बांधला. त्याच्या भोवतीची बाग आणि आतलं वस्तुसंग्रहालय लोक आजही वापरतात. तो संस्थानचा कारभार होता, रयतेला विचारायचं बंधन नव्हतं. आपल्याला आहे. विकास आराखड्याला कायद्यानं 30 दिवस हरकती-सूचना घ्याव्या लागतात. त्याच आराखड्यातल्या बागेच्या नकाशाला 30 तासही का नाहीत?

आता मागणी. तांत्रिक मंजुरीआधी प्रत्येक गावात बागेचा नकाशा आणि अंदाजपत्रक मराठीत, भर चौकात 30 दिवस लावा. सुनावणी बाजाराच्या दिवशी घ्या, कचेरीच्या वेळेत नको. पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद मूळ निधीतच दाखवा. बक्षिसाचे 54 कोटी त्यासाठी वळवले तर 394 गावांना प्रत्येकी साधारण 13 लाख 70 हजार येतात. हे आदेशात येईपर्यंत कोनशिलेचं काम थांबवा. कोनशिलेवर कुणाची नावं येणार, हे एव्हाना ठरलंच असेल म्हणा.

आणि उत्तर द्यायचं झालं तर ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी’ एवढं वगळून द्यावं.

आपला,
घरपट्टी वेळेत भरणारा एक लोणंदकर