पोरं जर्मनीला पाठवायचीत, पण जर्मन शिकवणार कोण?

"जर्मनमध्ये एमए करून पोटाला काय मिळणार?" असं थोरलीला विचारणाऱ्या घरातच धाकट्याला जर्मनचा क्लास लावलेला असतो. का, तर जर्मनीत नोकऱ्याच नोकऱ्या आहेत म्हणे. ही गल्लत नगरमध्ये फार वाढलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल कामगार पाठवायचे आणि त्यांना जर्मन सरकारी खर्चाने शिकवायचं असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. म्हणजे मागणी खोटी नाही.

पण कामापुरती जर्मन वेगळी आणि जर्मनचं एमए वेगळं. भाषेच्या पायऱ्या सहा: ए-वन ते सी-टू. लोणी, विळद घाटातल्या नर्सिंगच्या मुलींना तिकडे नर्स म्हणून मान्यता हवी तर साधारण बी-टू लागते, म्हणजे चौथी पायरी. शून्यापासून तिथवर जायला वर्षभर तरी रोज घासावं लागतं. तीन महिन्यांत जर्मनीला पाठवतो म्हणणाऱ्या क्लासवाल्याला एवढंच विचारा, कितव्या पायरीपर्यंत शिकवणार?

एमएमध्ये त्या भाषेची रचना, साहित्य, भाषांतर, शिकवण्याची पद्धत येते. आपल्याला जवळचं ठिकाण पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट. पुढे कंपन्यांत तांत्रिक भाषांतर, जर्मन ग्राहकांशी व्यवहार, शाळा-कॉलेजात अध्यापन. जर्मन विषयात नेटही देता येते. खरं सांगायचं तर साधं भाषांतर आता मशीन करतंय. नुसत्या डिग्रीवर भागणार नाही, जोडीला अकाउंट्स, इंजिनिअरिंग असं काहीतरी हवं. मास्टर्स तिकडेच करायचं तर बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण ज्या राज्याशी आपला करार झाला, तेच परदेशी विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे जवळपास बारा हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. हिशोब दहा लाखांच्या पुढे जातो.

मग एमए कशाला? तर शिकवायला. भाषाविज्ञान शिकलेला मराठी शिक्षक काय करू शकतो बघा. जर्मनमध्ये डेअर, डी, डास. आपल्याकडे तो, ती, ते. वस्तूला लिंग असतं हे इंग्रजीवाल्याला पटवावं लागतं, आपल्या पोराला ती खुर्ची, ते टेबल जन्मापासून ठाऊक. जर्मनमध्ये मुलीला शब्द आहे 'मेडशन', तो नपुंसकलिंगी. इंग्रजीवाला चक्रावतो, आपण मात्र 'ते पोरगं' रोज म्हणतो. जर्मन झेडचा उच्चार म्हणजे आपल्या चुलीतला, चमच्यातला च. 'कारण' म्हणून पुढे वाक्य जोडलं की क्रियापद शेवटी जातं, अगदी मराठीसारखं. हे सगळं सोडून आपली पोरं इंग्रजीतून जर्मन शिकतात आणि दोन्ही भाषांना घाबरतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दहा हजार पोरं पाठवायचीत ना? मग आधी जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षक उभे करा. जर्मनमध्ये एमए करणाऱ्या ग्रामीण मुलांना शिष्यवृत्ती द्या, आणि बदल्यात तीन वर्षं आपल्याच जिल्ह्यातल्या आयटीआय, नर्सिंग कॉलेजात शिकवायची अट घाला. पगार मात्र नियमित द्या, तासिका तत्त्वावर राबवून घेऊ नका. म्हणजे त्या थोरलीला नगरमध्येच काम मिळेल आणि धाकट्याला १२० किलोमीटरवर पुण्यात खोली घेऊन राहावं लागणार नाही.

आपले आमदार-खासदार करारांचे फोटो उत्साहाने टाकतात. पुढच्या वेळी भेटले की विचारा, साहेब, आपल्या तालुक्यात जर्मनचा पूर्णवेळ शिक्षक कधी येणार? उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये जरूर सांगा.