त्रैराशिकाने विमान उडत नाही

एक गणित सोडवा. लंडन ते पॅरिस हे हवाई अंतर सुमारे ३४५ कि.मी. असून वेळापत्रकात या उड्डाणाला साधारण ७५ मिनिटे दिलेली असतात. लंडन ते अथेन्स हे अंतर सुमारे २,४०० कि.मी., म्हणजे जवळजवळ सातपट. तर लंडनहून विमानाने अथेन्सला जायला किती वेळ लागेल?

तुम्ही त्रैराशिक मांडाल, ७५ ला ७ ने गुणाल आणि ५२५ मिनिटे, म्हणजे पावणेनऊ तास असे उत्तर लिहाल. गुणाकार बिनचूक आहे. विमान मात्र सुमारे ३ तास ४० मिनिटांतच अथेन्सला पोहोचते!

असेच एक गणित मी पूर्वी वर्गात घातले होते. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, विमान जमिनीवर असते तो वेळ धरायचा का?" मला अभ्यासक्रम संपवायची घाई होती. "तो सोडून दे, परीक्षेत विचारत नाहीत," असे सांगून मी पुढे गेलो. खरे तर सारे मर्म त्याच्याच प्रश्नात होते.

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर वेळ. पॅरिसचा आणि अथेन्सचा बिंदू मांडून त्यांतून सरळ रेषा काढा. ती आरंभबिंदूतून जात नाही. उभ्या अक्षाला ५० मिनिटांच्या आसपास छेदते. ही ५० मिनिटे म्हणजे धावपट्टीपर्यंत सरकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चढताना व उतरताना कमी वेगाने जाणे यांत मोडणारा वेळ. गाव जवळ असो वा दूर, तो द्यावाच लागतो. रेषेच्या चढावरून वेग निघतो ताशी सुमारे ८५० कि.मी.; जेट विमानाचा उंचावरील वेग साधारण एवढाच असतो.

पण दोन बिंदूंतून सरळ रेषा कुणीही काढील! म्हणून तिसरे शहर घ्या. लंडन ते रोम सुमारे १,४३५ कि.मी. आपली रेषा सांगते, १५० मिनिटांच्या जरा वर. वेळापत्रक सांगते, सुमारे अडीच तास. इथे मला रेषेवर थोडा विश्वास बसू लागतो.

माझी तक्रार त्रैराशिकाविषयी नाही. ते कुठे लागू पडते हे न विचारता ते सर्वत्र लावायची सवय आपण शिक्षकच मुलांना लावतो, ही आहे. पुस्तकातले विमान शून्य मिनिटात पूर्ण वेग घेते आणि "असे कसे?" म्हणणाऱ्या मुलाचा गुण कापला जातो. शिक्षक बंधुभगिनींनो, उत्तराबरोबर शंका लिहिणाऱ्यालाही गुण द्या.

आता परतीचा प्रवास तुमच्यावर सोपवतो. समजा, विमान अथेन्सच्या घड्याळानुसार दुपारी ४ ला निघाले आणि लंडनच्या घड्याळानुसार सायंकाळी ६ ला पोहोचले. २,४०० ला २ ने भागलेत तर वेग येईल ताशी १,२०० कि.मी., ध्वनीच्या वेगाच्या घरातला! अथेन्सची घड्याळे लंडनच्या २ तास पुढे असतात हे लक्षात घ्या. तरीही जातानापेक्षा २० मिनिटे जास्त लागलेली दिसतील. त्या उंचीवर वारे बहुधा कोणत्या दिशेने वाहतात, ते भूगोलाच्या सरांना विचारा.