रजिस्टरवरची सही म्हणजे प्रशिक्षण नव्हे

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर कुणाची बोटे गेली की कारखान्याकडून पुढे येणारा खुलासा ठरलेला असतो. कामगाराला सेफ्टी ट्रेनिंग दिले होते, रजिस्टरवर त्याची सही आहे, चूक त्याचीच. हा खुलासा मला मान्य नाही. त्यातले एकेक विधान तपासून पाहू.

‘चूक त्याचीच’ या समजुतीला जुना आधार आहे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी 1931 च्या पुस्तकात 88 टक्के अपघातांचे कारण माणसाची असुरक्षित कृती असे मांडले. तो आकडा आजही सेफ्टीच्या वर्गांत सांगितला जातो. तो विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखान्यांच्या नोंदींवरून काढलेला होता. अशा नोंदी करणार व्यवस्थापनाचीच माणसे, मग त्यांत कामगाराचा दोष ठळक आणि यंत्राचा पुसट दिसला तर नवल काय? शिवाय यंत्राला गार्ड बसवा, असा आग्रह खुद्द हाइनरिक यांनीही धरला होता. तेवढे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

आता प्रेसकडेच पाहा. लहान वर्कशॉपमध्ये अजूनही पिन क्लचचे जुने प्रेस चालतात. त्यांचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्येच थांबवता येत नाही. पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली की पॅडल न दाबताही दुसरा स्ट्रोक येतो, आणि नेमका त्या वेळी कामगाराचा हात जॉब काढायला डायमध्ये असतो. इथे दोन हातांची बटणे कामाची नाहीत, हात आत आला की प्रेस थांबवणारा लाइट कर्टनही नाही. त्या माणसाला ‘हात आत घालू नकोस’ असे शंभरदा शिकवले तरी जॉब हातानेच काढावा लागत असेल तर शिकवणे फुकट आहे. आधी डाय बदला, जॉब आपोआप बाहेर पडेल अशी सोय करा, निदान चिमटा द्या. जी जबाबदारी यंत्राची आहे ती प्रशिक्षणाच्या नावाने माणसाच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

यावर कुणी म्हणेल, मग चांगले गार्ड बसवू, शिकवायची गरजच काय? हेही तितकेच चूक. डाय सेट करताना आणि दुरुस्तीच्या वेळी गार्ड निघतो, आणि तिथे माणसाला त्याचे ज्ञानच वाचवते. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील फिरत राहते, ते पूर्ण थांबेपर्यंत हात घालायचा नाही. डायमध्ये सेफ्टी ब्लॉक ठेवायचा. मेन स्विचला कुलूप लावून किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. पोस्टर वाचून हे अंगवळणी पडत नाही.

तिसरा आक्षेप ठेकेदारांचा: पोरगा दोन-तीन महिन्यांत निघून जातो, त्याच्यावर वेळ कशाला घालवायचा? पण कामाच्या पहिल्या महिन्यात अपघाताचा धोका सर्वाधिक असतो, हे निरनिराळ्या देशांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणजे जो लवकर जाणार त्यालाच आधी शिकवायला हवे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने अधिनियमात कलम 111अ आले आणि प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क ठरला. त्या अधिनियमाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता.

मग शिकवायचे कसे? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लाखो नवख्या माणसांना कारखान्यांत उभे केले, तेव्हाची पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. माणसाची भीती घालवा आणि त्याला किती येते ते विचारा. काम करून दाखवा, प्रत्येक टप्प्याचे कारण सांगा. मग त्याला करू द्या आणि करताना कारण त्याच्याच तोंडून वदवून घ्या. त्यानंतर काही दिवस लक्ष ठेवा. तिसऱ्या पायरीवर सगळे उघड होते: ज्याला कारण सांगता येत नाही, त्याने नुसती मान डोलावलेली असते. बिहार-ओडिशातून किंवा लातूर-नांदेडहून आलेल्या पोराला इंग्रजी स्लाइडसमोर तासभर बसवून ही पायरी कधीच येत नाही. ती प्रेसशेजारी, त्याच्या भाषेत, हळू आवाजातही चालते.

मात्र फोरमनला आधी शिकवल्याशिवाय हे टिकणार नाही. सकाळी ‘शंका आली तर मशीन थांबव’ असे सांगितले आणि दुपारी काउंट कमी पडला म्हणून त्याच माणसावर ओरडले, तर तो दुपारचेच लक्षात ठेवतो. बटणावर चिकटपट्टी लावून एका हाताने प्रेस चालवणारा कामगार अज्ञानी असतोच असे नाही. पुष्कळदा तो आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते अचूक ओळखून वागत असतो.

म्हणून कारखानदारांना माझी विनंती आहे: दर 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ जरूर घ्या, पण त्याआधी आपल्या सर्वांत नव्या हेल्परला प्रेसपाशी नेऊन विचारा की हे मशीन कधी आणि कसे थांबवायचे. त्याला सांगता आले नाही, तर रजिस्टरवर त्याची सही घेऊ नका आणि त्याला त्या प्रेसवर उभेही करू नका.