इंजिन जाम? आधी पाना लावून पाहा



जुन्या गाडीचे इंजिन फिरत नाही म्हणजे ती भंगारात काढावी, हा गेल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष घाईचा आहे. आधी बॅटरी व स्टार्टर तपासावा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने फिरवावा. प्लग काढताच इंजिन फिरले, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरले असावे. बाहेरचा बेल्ट उतरवल्यावर फिरले, तर दोष अल्टरनेटर किंवा एसी कॉम्प्रेसरसारख्या बेल्टवरच्या भागाचा. खूप दिवस उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटतात. सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे. तरीही हलले नाही, तरच इंजिन उघडावे. कष्टाच्या पैशांतून गाडी घेणाऱ्याला एवढी तपासणी मिळालीच पाहिजे.

– एक वाचक, सांगली