बावटा तीन नंबरचा आणि सहल लोणावळ्याची

पावसाळ्यात संध्याकाळच्या बातम्या संपत आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येते. समुद्र खवळलेला राहील, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. पुण्या-मुंबईच्या घरांत हे वाक्य सहसा कोणी ऐकत नाही. तोवर जेवणाची पाने घेतली जात असतात, कोणीतरी आवाज बारीक केलेला असतो. ही बातमी आपल्यासाठी नाही अशी आपली खात्रीच असते. आपण कुठे होडी घेऊन निघालो आहोत? आपण फार तर रविवारी लोणावळ्याला निघालो आहोत!

माझे म्हणणे एवढेच, की लोणावळ्याला निघालेल्या माणसाने सगळ्यांत आधी हेच वाक्य ऐकावे.

नकाशा पाहा. लोणावळ्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये कोकणपट्टीची सपाटी, आणि मग एकदम सहाशे मीटरची भिंत. समुद्रावरचा वारा बाष्प घेऊन निघाला आणि त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटर असला, तर सव्वा तासात तो खंडाळ्याच्या कड्याला येऊन भिडतो. पुढे वाट नाही, म्हणून वर चढतो. वर चढला की थंड होतो, आणि ओझे टाकतो. ते ओझे कड्यावर आणि त्याच्या लगेच पाठीमागे पडते. म्हणून लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस, वडगाव-तळेगावला त्याच्या कितीतरी कमी, आणि पुण्यात सातशेच्या घरात. मावळातला शेतकरी हे कोणी न सांगता जाणतो. नाणे मावळात आणि पवन मावळात इरले पांघरून आवणी चालू असते, तेव्हा त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला लोक आभाळाकडे बघत बसलेले असतात.

समुद्रात वारा वाढला, किनाऱ्यालगत दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा लांबला, आणि त्याच सुमारास बंगालच्या उपसागरात एखादे कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते हा वारा आणखी जोराने आत ओढू लागले, की कोळ्याची होडी किनाऱ्यावर ओढली जाते आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस सुरू होतो. कारण एकच, घटना दोन. मच्छीमारांना दिलेला इशारा हा घाटमाथ्याला आलेला निरोपच असतो, फक्त पत्ता वेगळा लिहिलेला असतो.

३ जून २०२० रोजी हा निरोप फारच मोठ्या अक्षरांत आला. 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पण त्याच दिवशी मावळातही घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि गुलाबाच्या पॉलिहाउसांचे प्लॅस्टिक फाटून चिंध्या झाल्या. ही पॉलिहाउसे बहुतेक कर्जावर उभी असतात, हे सांगायला मी बँकेत नोकरी केलेली असण्याची गरज नाही. चक्रीवादळ हा कोकणचा प्रश्न, असे मानणाऱ्या मावळाला समुद्राने घरी येऊन उत्तर दिले.

खरे तर मावळाचे आणि समुद्राचे नाते जुने आहे. आपणच ते विसरलो. कार्ल्याचे चैत्यगृह घ्या. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांवरचा माल ज्या घाटवाटांनी वर येई, त्यांच्या माथ्यावर ते कोरले गेले. देणगीदारांच्या शिलालेखांत वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे, यवनही आहेत. या मंडळींचा सारा व्यवहार नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या वेळापत्रकावर चाले. पुढच्या आठवड्यात समुद्र कसा असेल, हा प्रश्न मावळात दोन हजार वर्षांपूर्वीही विचारला जात असला पाहिजे. त्याच लेण्यांपाशी एकवीरा आहे. किनाऱ्यावरचे कोळी आणि आगरी दर चैत्रात पालख्या घेऊन तिच्या डोंगरावर येतात. समुद्रावर जगणाऱ्यांची देवी डोंगरावर कशी, याचे मला पूर्वी नवल वाटे. नौदलानेही आपले अभियांत्रिकी शिक्षणाचे ठाणे, 'आयएनएस शिवाजी', १९४५ साली लोणावळ्यातच उभे केले, याची तर गंमतच वाटे. आता दोन्हींचे तितके नवल वाटत नाही.

एकवीरेला येऊन गेलेला कोळी जूनमध्ये होडी शाकारतो. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीची सरकारी बंदी असते. त्या दिवसांत तो जाळी विणतो, दुरुस्त्या करतो, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो. नोकरीत काही वर्षे मी रायगडच्या किनाऱ्यावरील एका शाखेत होतो. होड्यांच्या कर्जाचे हप्ते आम्ही पावसाळ्याचे महिने वगळूनच बांधत असू. बँकेसारखी रुक्ष संस्था जिथे समुद्राचे ऐकते, तिथे बाकीच्यांना काय झाले, असे मला आजही वाटते.

तिथला एक म्हातारा तांडेल इंजिनाच्या कर्जासाठी शाखेत येत असे. भरतीची वेळ कशी काढायची, हे त्याने मला शिकवले. तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आमच्या व्याजाच्या कोष्टकापेक्षा सोपे. (भरती-ओहोटीचा लोणावळ्याशी काही संबंध नाही, हे मान्य. पण गणित सुरेख आहे म्हणून सांगितले.) एकदा ऑक्टोबरात, आभाळ निरभ्र आणि पाणी आरशासारखे असताना, तो भर दिवसा बँकेच्या पायरीवर बसलेला दिसला. मी विचारले, आज गेला नाहीत? तो म्हणाला, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय, रेडिओवरही सांगितलंय. मी म्हटले, समुद्र तर शांत दिसतोय. त्यावर तो हसला. "सायब, आपल्याला दिसतो तवराच दर्या नसतो." त्या दिवशी तिथे वादळ आलेच नाही. दुसऱ्या दिवशीही आले नाही. तांडेलाचे दोन दिवस बुडाले आणि त्याबद्दल त्याने वेधशाळेला एक शिवी दिल्याचे मी ऐकले नाही.

आम्हा पुणेकरांना ही सहनशीलता ठाऊक नाही. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. ते पुढे दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. वेधशाळा दारातच असल्यामुळे तिची थट्टा करणे हा आमचा जन्मसिद्ध हक्क झाला. पाऊस पडणार म्हणाले ना, मग छत्री ठेवा घरी! हा विनोद माझ्या वडिलांच्या वेळी खपत असे. आज जिल्हावार इशारे काही दिवस आधी मिळतात, पुण्याच्या घाटमाथ्याला शहरापेक्षा वेगळा इशारा दिला जातो, आणि हैदराबादचे 'इन्कॉइस' हे केंद्र किनाऱ्यावर लाटा किती मीटर उंच उठतील तेही सांगते. अमक्या ओढ्याला अमक्या वाजता लोंढा येईल, एवढे मात्र अजून कोणी सांगू शकत नाही. अंदाज आजही चुकतात. पण आगीचा विमा उतरवलेले घर जळले नाही, म्हणून हप्ता परत मागायला आलेला ग्राहक मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

आता ३० जून २०२४ चा रविवार आठवा. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार मुले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभ्या राहिलेल्या त्या माणसांची चित्रफीत घरोघर पाहिली गेली. त्यावर जे बोलले गेले ते मला फारसे पटले नाही. लोक म्हणाले, अक्कल नको का? पण ती माणसे पाण्यात उतरली तेव्हा ते पाणी तसे नव्हते. या पठारावर कातळावर मातीचा थर पातळ आहे, पाणी मुरायला जागा नाही. वरच्या अंगाला, तुमच्या नजरेच्या पलीकडे, ढग रिकामा झाला की काही मिनिटांत ओढा दुसराच होतो. हिशेब करून पाहा. चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला वेधशाळा अतिमुसळधार म्हणते आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. दोनशे मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला, तर ते सुमारे आठ लाख लिटर पाणी झाले. दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर. वरच्या डोंगराचे एकर तुम्हीच मोजा, आणि हे सारे पाणी ज्या एका घळीतून खाली येते तिची रुंदी आठवा. तांडेल समुद्राबद्दल जे म्हणाला, ते ओढ्यालाही लागू आहे.

भुशी धरण मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले. त्याच्या पायऱ्यांवर बसून भिजायचे, हा उद्योग आपण नंतर शोधला. त्यात वाईट काही नाही. मीही बसलो आहे, मुलांना बसवले आहे. पण हल्ली एक विचित्र गोष्ट घडते. ऑरेंज अलर्ट जाहीर झाला की घाटाकडे जाणारी गर्दी वाढते. धबधबे जोरात असतील, चला! कोळी ज्या बातमीने होडी ओढून घेतो, त्याच बातमीने आपण गाडी बाहेर काढतो. इशारा हे आमंत्रण झाले आहे.

समुद्रावरची सगळीच माणसे शहाणी असतात, असा माझा दावा नाही. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाचे इशारे आधीपासून दिले जात होते, तरीही मुंबईच्या पश्चिमेला पी-३०५ हा बार्ज समुद्रातच राहिला आणि बुडाला. त्यावरचे आणि वरप्रदा या टगवरचे मिळून ऐंशीहून अधिक लोक गेले. त्यातल्या बहुतेकांच्या हातात परत फिरण्याचा निर्णय नव्हता. आपल्या सहलीत तो असतो, हा फरक. म्हणजे असायला हवा. प्रत्यक्षात खोलीचे पैसे आगाऊ भरलेले असतात, रजा जुळलेली असते, मेहुणे नाशिकहून येऊन बसलेले असतात. रविवार हाच मुळी एक सापळा आहे. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसे उभी असताना कोसळला आणि चौघांचा जीव गेला, तोही रविवारच होता.

जिल्हाधिकारी मनाईचे आदेश काढतात, पोलीस दोर बांधतात. पण हे सारे माणूस घाट चढून आल्यावर. तीन तास वाहतुकीत अडकून आलेल्या कुटुंबाला दोराशी उभे राहून मागे फिरवणे किती अवघड, हे त्या शिपायाला विचारा. आणि स्थानिकांचे काय? भजी तळणारा, कणसे भाजणारी, चिक्कीवाला, यांचे पावसाळ्याचे रविवार म्हणजे वर्षाची बेगमी. कोळ्याला बंदीची तारीख आधी माहीत असते, म्हणून तो तजवीज करतो. या बाईने पहाटे पोतेभर कणसे आणलेली असतात आणि दहा वाजता तिला कळते, की आज रस्ता बंद.

तेव्हा बंद करायचे तर आदल्या संध्याकाळी करा. समुद्राचा इशारा आणि घाटमाथ्याचा इशारा दोन्ही हातात असतात. शनिवारी सहा वाजता ठरवा आणि पुणे, चिंचवड, दादरच्या फलाटांवर, टोलनाक्यावर मोठ्याने सांगा. दुसरे, हॉटेलवाल्यांनी आणि बंगलेवाल्यांनी एक नियम मान्य करावा: ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर ग्राहकाला एक पैसा न कापता तारीख बदलून मिळेल. पैसे परत देऊ नका, तारीख द्या. माझ्या हिशेबाने त्यांचे नुकसान होत नाही, फक्त जमा पुढच्या पानावर जाते. आम्ही बँकवाल्यांनी समुद्रासाठी हप्ते पुढे ढकलले, तर बँक बुडाली नाही.

माझ्या घरापुरता मी शुक्रवारी संध्याकाळी समुद्राचा अंदाज वाचतो. दोन पावसाळ्यांमागे त्यावरून नातवंडांची सहल रद्द केली. घरात दोन दिवस अबोला. त्या रविवारी लोणावळ्यात पाऊस बेताचाच झाला आणि नातवाने सोमवारी सकाळी वर्तमानपत्रातला आकडा चहाच्या कपाशेजारी उघडून ठेवला. मी तो वाचला आणि चहा प्यालो. मग श्रावणातल्या एका बुधवारी आम्ही गेलो. भातखाचरे भरलेली होती, ऊन-पाऊस चालू होता, कणीस मिळाले. लायन्स पॉइंटला नातवाने विचारले, समुद्र कुठे आहे? मी पश्चिमेकडे बोट दाखवले. दिसत काहीच नव्हते. कोकणावर ढग होते आणि त्यांतले काही दरीतून वर चढू लागले होते. आम्ही गाडीकडे निघालो.