पहिलं पुस्तक सोळा पानांचं असू द्या

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी महालक्ष्मीव्रताचं उद्यापन असतं. घरी आलेल्या बायकांना हळदीकुंकू, फळ आणि व्रतकथेची एक छोटी पुस्तिका देतात. पातळ कागद, मधोमध दोन पिना, वर देवीचं चित्र. ही पुस्तिका पक्क्या बांधणीची का नाही, असं कधी कुणी विचारलंय? पण आपल्या स्वतःच्या कवितांची गोष्ट निघाली की मात्र आपल्याला जाड पुठ्ठा, गुळगुळीत कव्हर आणि पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन हवं असतं.

बचतगटांच्या कामानिमित्त मी गावोगावी जाते. बैठक संपली की एखादी हळूच पिशवीतून वही काढते. "ताई, जरा बघता का?" किती जणी लिहितात म्हणून सांगू! हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर, मुलांच्या उरलेल्या वह्यांमध्ये, आता तर मोबाईलवर. यातल्याच एका मैत्रिणीला एका प्रकाशकाने गाठलं. तीस हजार भरा, पुस्तक काढतो. तिने भिशीचे पैसे दिले. शाल-श्रीफळ झालं, फोटो छापून आला. प्रती मात्र आजही दिवाणाखाली आहेत. पैसे गेले ते गेलेच, पण घरच्यांच्या टोमण्यांनी तिने लिहिणंच सोडलं, हे मला जास्त लागलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, मैत्रिणींनो. पहिलं पुस्तक लहान काढावं, स्वतः काढावं आणि स्वतःच्या ऐपतीत काढावं.

ए-फोर आकाराचे चार कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. आधी कोऱ्या कागदांची अशी डमी करा, पानांवर आकडे घाला आणि मग कागद उलगडून पाहा. एकाच्या शेजारी सोळा येतो, त्याच्या पाठीमागे दोन आणि पंधरा. हे कोडं सुटलं की छपाई सुटली! डीटीपीवाल्याला ही डमीच दाखवा. मोबाईलवर टाइप केलेला मजकूर दुकानातल्या जुन्या फॉण्टमध्ये नेला, की जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. म्हणून प्रूफ घरी आणून मोठ्याने वाचा आणि दुसरीकडूनही वाचून घ्या.

आता खर्च. झेरॉक्सच्या एका बाजूचे दोन रुपये धरले, तर आठ बाजूंचे सोळा रुपये. जाड रंगीत कागदाच्या कव्हरला नऊ-दहा रुपये धरा. म्हणजे एक प्रत पंचवीस-सव्वीस रुपयांत. पन्नास प्रतींना तेराशे रुपये. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, त्याला लांब दांड्याचा लागतो. नाही मिळाला तर तीन भोकं पाडून सुई-दोऱ्याने शिवा. ते कुणी आपल्याला शिकवायला नको!

सोळा पानांत फार तर बारा-तेरा कविता मावतात. हाच तर फायदा. दीडशे कवितांतून बारा काढायच्या म्हणजे तांदूळ निवडण्यासारखंच काम, खडे आपोआप बाजूला पडतात.

काही गोष्टी माहीत असाव्यात. आपण लिहिलं की त्याचा कॉपीराइट आपला असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो आपल्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं राहतो. तेव्हा न वाचता कुठल्याही करारावर सही करू नका. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. 'त्याचे एवढे हजार' असं कुणी म्हणालं, तर सावध व्हा. पुढे मोठं पुस्तक करायचं असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. तिचे नियम आधी नीट वाचा.

आणि हो, पुस्तिका फुकट वाटू नका. चाळीस रुपये किंमत छापा आणि मागून घ्या. आपण पापड-लोणची फुकट देत नाही, मग शब्द का द्यायचे? ज्या बाईने चाळीस रुपये मोजले, ती उघडून वाचेल तरी. कव्हरवर नाव ठळक घाला. माहेरचं की सासरचं, 'सौ.' लावायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण नाव हवंच.

'झेरॉक्सच्या पुस्तकाला काय साहित्य म्हणायचं?' असं नाक मुरडणारे भेटतील. त्यांना सांगा, १९५० आणि १९६०च्या दशकांत मुंबईत तरुण कवींनी सायक्लोस्टाईल करून अंक काढले. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे त्यांतलेच. आज विद्यापीठांत त्यांचा अभ्यास होतो. मोठेपण लिहिण्यात असतं, पुठ्ठ्यात नसतं.

बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांचा संग्रह १९५२ मध्ये आला. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माउलीच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. पण स्वतःचं पुस्तक त्यांना पाहायला मिळालं नाही. आपल्याला तर लिहिता येतं, गावात झेरॉक्सचं दुकान आहे आणि घरात सुई-दोरा आहे. मग कुणी येऊन आपल्या वह्या शोधेल, याची वाट कशाला पाहायची? येत्या रविवारी दुपारची झाकपाक झाली की वही काढा आणि पहिल्या बारा कवितांवर खुणा करा.