साक्षीमागचे संगीत

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्या पॉडकास्टवर श्रोते बोलू लागले की दोन तक्रारी हमखास निघतात. पहिली अशी की पूर्वी अंगावर काटा यायचा, आता तज्ज्ञांचेच बोलणे फार झाले. दुसरी अशी की या लोकांना घाबरवण्यापलीकडे काही करायचेच नाही, शंका घेणाऱ्याला शेवटी दोन मिनिटे दिली की यांचे काम संपले. तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, पण दोन्हींची मोजपट्टी एकच आहे: भीती. एकाला ती कमी पडते, दुसऱ्याला जास्त होते. भीती हा अशा कार्यक्रमाचा रास्त परिणाम आहे, पण तिच्यावरून दर्जा ठरवता येत नाही. खऱ्या माणसाचा अनुभव म्हणून जे ऐकवले जाते, त्यात त्या माणसाची साक्ष कुठे संपते आणि निर्मात्यांची कलाकुसर कुठे सुरू होते, हे श्रोत्याला स्पष्ट ऐकू आले पाहिजे. माझ्या मते दर्जाची खरी कसोटी हीच आहे. या कसोटीवर आज जगभर ऐकले जाणारे चांगले कार्यक्रमही पूर्ण उतरत नाहीत, आणि श्रोत्यांनी बोलायचे तर त्यावर बोलायला हवे.

‘बीबीसी रेडिओ फोर’चा ‘अनकॅनी’ हा या प्रकारातला बहुधा सर्वांत गांभीर्याने केलेला कार्यक्रम. डॅनी रॉबिन्स यांनी तो ऑक्टोबर 2021मध्ये सुरू केला आणि 2023मध्ये तो ‘बीबीसी टू’च्या पडद्यावरही आला. रचना साधी आहे. एक प्रकरण, ते अनुभवलेली व्यक्ती, आणि मग दोन बाजू. अतींद्रियाची शक्यता खुली ठेवणाऱ्या बाजूने एव्हलिन हॉलो बोलतात, तर शंकेच्या बाजूने किरन ओ’कीफ किंवा ख्रिस फ्रेंच यांच्यासारखे मानसशास्त्राचे अभ्यासक. पहिलेच प्रकरण बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या वसतिगृहाच्या 611 क्रमांकाच्या खोलीचे होते, आणि तिथला अनुभव सांगणारा माणूस पुढे अनुवंशशास्त्रज्ञ झालेला. कार्यक्रमाची मोठी जमेची बाजू इथेच दिसते: सांगणाऱ्याला तो वेड्यात काढत नाही. हे सौजन्यापुरते नाही, त्याला आधार आहे. लंडनमध्ये 1882 साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ने 1894मध्ये भासांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे 17,000 लोकांना विचारले होते की पूर्ण जागे असताना, बाहेर काही कारण नसताना, कुणी दिसल्याचा, आवाज आल्याचा किंवा स्पर्श झाल्याचा अनुभव तुम्हाला आला आहे का. जवळजवळ दहा टक्के लोकांनी होय म्हटले. रेडिओ नव्हता, चित्रपटांचा जमाना यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. प्रामाणिक, शहाण्या माणसांना असे अनुभव येतात हे मान्य करायला भुतांवर विश्वास ठेवावा लागत नाही. प्रश्न पुढचा आहे: त्या अनुभवाचे आपण काय करतो?

इथे ध्वनीचा विचार करावा लागतो. साक्षीदार बोलत असतो, आवाज थोडा कापत असतो, आणि त्या आवाजाखाली एक खोल, लांबट सूर हळूहळू चढत जातो. ‘तेवढ्यात मला पाऊल वाजल्यासारखे वाटले,’ असे तो म्हणतो आणि आपल्याला पाऊल ऐकू येते. ते पाऊल साक्षीदाराने दिलेले नाही, स्टुडिओने दिले आहे. छापील मजकुरात लेखक साक्षीदाराच्या तोंडी चार जास्तीचे शब्द घालू लागला तर आपण त्याला खोटेपणा म्हणू. ध्वनीत तेच केले की त्याला निर्मितीमूल्य म्हणतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974चा प्रयोग इथे आठवावा. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारताना ‘लागल्या’च्या जागी चक्काचूर सुचवणारे क्रियापद वापरले. आठवड्याने पुन्हा विचारले, फुटलेली काच दिसली होती का. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी सौम्य शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 7 जणांनी होय म्हटले, आणि जहाल शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी. एका क्रियापदाने एवढे होते. मग पाऊण तासाच्या संगीताने श्रोत्याच्या मनातले प्रकरण कुठल्या कुठे जात असेल!

याहून थेट पुरावा ख्रिस फ्रेंच यांच्याच कामात सापडतो. झपाटलेल्या जागांचे एक खुलासेवजा उत्तर म्हणून अतिमंद ध्वनीचे नाव बरेचदा घेतले जाते. व्हिक टँडी यांनी 1998मध्ये एका प्रयोगशाळेतल्या भुताचा माग पंख्यातून निघणाऱ्या, सेकंदाला सुमारे 19 कंपनांच्या, कानाला न जाणवणाऱ्या ध्वनीपर्यंत नेला होता. फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एक कृत्रिम ‘झपाटलेली खोलीच’ उभारली, तिच्यात असा ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रे कमीजास्त केली आणि 79 जणांना एकेक करून आत पाठवले. निष्कर्ष 2009मध्ये ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकात आले. विचित्र संवेदना पुष्कळांना झाल्या, पण ध्वनी किंवा क्षेत्र चालू आहे की बंद, याच्याशी त्यांचा संबंध लागला नाही. इथे काहीतरी जाणवू शकेल असे आधी सांगितल्यानेच ते जाणवले, हाच सर्वांत सरळ अर्थ निघत होता. शंकेखोर बाजूचे लाडके उत्तर शंकेखोर अभ्यासकानेच तपासले आणि ते टिकले नाही हे उघड सांगितले, याबद्दल मला त्या कामाविषयी फार आदर वाटतो. पण पॉडकास्टच्या निर्मात्यांनी यातून घ्यायचा अर्थ वेगळा आहे. सूचना हेच जर भासांचे सर्वांत समर्थ कारण असेल, तर साक्षीखाली घातलेले संगीत ही चोवीस तास चालू असलेली सूचना आहे. एकीकडे सूचनेचा परिणाम समजावून सांगणारा तज्ज्ञ आणायचा आणि दुसरीकडे तो बोलायच्या आधीच श्रोत्यावर तोच परिणाम करून ठेवायचा, ही विसंगती आहे.

गंमत म्हणजे रॉबिन्स यांनीच याहून स्वच्छ वाट आधी चालून दाखवली आहे. ‘अनकॅनी’च्या आधी, 2021च्या सुरुवातीला, त्यांची ‘द बॅटरसी पोल्टरगाइस्ट’ ही मालिका आली. 1956 साली लंडनच्या बॅटरसी भागात शर्ली हिचिंग्ज या 15 वर्षांच्या मुलीच्या घरात सुरू झालेल्या ठोठावण्याची आणि पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या उपद्रवाची ती हकिगत. त्यात टोबी जोन्स आणि डॅफ्नी कीन यांच्यासारख्या नटांनी केलेले नाट्यप्रवेश आहेत, भरपूर भीतिदायक आहेत, आणि मग खुद्द शर्ली, आता वयस्क झालेल्या, आपल्या आवाजात बोलतात. कुठे नाटक आहे आणि कुठे साक्ष, हे लहान मुलालाही कळावे. नाटकाला मोकळेपणाने नाटक म्हटले की ते कितीही रंगवा, कुणाची फसवणूक होत नाही. ती सीमा पुसली तर काय होते, हे ‘बीबीसी’ला 31 ऑक्टोबर 1992च्या रात्री कळले होते. ‘घोस्टवॉच’ हे आधी चित्रित केलेले नाटक मायकेल पार्किन्सन यांच्यासारख्या विश्वासाच्या चेहऱ्यासह थेट प्रक्षेपणासारखे दाखवले गेले. 1994मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्या कार्यक्रमामुळे मानसिक धक्का बसलेल्या दोन दहा वर्षांच्या मुलांची नोंद आली.

श्रोत्यांची पत्रे आणि तर्क पुढच्या भागांत वाचून दाखवायची ‘अनकॅनी’ची पद्धत मला मनापासून आवडते. एखादा अभियंता इमारतीच्या पाइपांबद्दल लिहितो, एखादी परिचारिका झोपेतून जागे होताना अंग न हलण्याबद्दल, आणि प्रकरण खरोखर पुढे सरकते. मात्र त्याच जागेचा अनुभव मलाही आला होता, असे जे श्रोते प्रसारणानंतर सांगतात, त्यांची गणना स्वतंत्र साक्षीत करता येत नाही. प्रकरण ऐकल्यावर जुन्या आठवणीला नवा आकार येतो. लॉफ्टस यांनी दाखवले ते हेच. अशा वेळी निवेदकाने आश्चर्याचा उद्गार काढण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे: हे तुम्ही प्रसारणापूर्वी कुणाला सांगितले होते, कुठे लिहून ठेवले होते?

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे, कोर्ट नव्हे; वातावरण काढून घेतले तर ऐकेल कोण? वातावरण काढा असे मी म्हणतच नाही. सुरुवातीला, दोन प्रसंगांच्या मधे, निवेदनाखाली संगीत खुशाल असू द्या. फक्त माणूस आपला अनुभव सांगत असताना त्याच्या आवाजाला एकटे राहू द्या. खरे बोलणारा माणूस मधेच थांबतो, शब्द शोधतो, आधीचे वाक्य दुरुस्त करतो; त्या थांबण्यात जी जाग असते ती कुठल्याच वाद्यातून येत नाही. दुसरा आक्षेप उलट दिशेचा आणि जास्त वजनदार आहे: भुताच्या बाजूला आणि विज्ञानाच्या बाजूला समान वेळ देणे हाच मुळात खोटा समतोल आहे. प्रश्न ‘भुते आहेत का’ असा असता तर मी हे पूर्ण मान्य केले असते. चांगल्या भागात प्रश्न असतो ‘त्या रात्री या माणसाला काय झाले’, आणि त्याचे उत्तर दरवेळी शोधावेच लागते. खटकते ते वेगळेच. अभ्यासक बहुतेक वेळा निवेदकाशी बोलतो. साक्षीदाराला समोरासमोर उलटे प्रश्न विचारायची संधी त्याला क्वचितच मिळते. वेळ समान मिळाला तरी तपासाचा अधिकार समान नाही.

मराठी श्रोत्याला हे सगळे लांबचे वाटायचे कारण नाही. आपल्याकडे नारायण धारपांनी भयकथा लिहिल्या, रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या, आणि दोघांनीही त्या कथा म्हणूनच वाचकाच्या हाती दिल्या. आज मराठीत ऐकायला मिळणाऱ्या भयकथांच्या वाहिन्यांवर मात्र ‘सत्य घटनेवर आधारित’ हे शब्द सढळ हाताने वापरले जातात. घटना कुणाची, कधीची, कुणी तपासली याचा पत्ता नसतो. इंग्लंडात अशा कार्यक्रमाने फार तर झोप उडेल किंवा ‘घोस्टवॉच’सारखा धक्का बसेल. आपल्या राज्यात बाधा झाली म्हणून माणसाला साखळीने बांधून मारहाण होत आली, म्हणून तर 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या बहाण्याने केलेल्या मारहाणीचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. तो कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर झाला, हे विसरता येत नाही.

शिवाय तपास अर्धवट सोडणे जिवावरही बेतू शकते. 1921मध्ये विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञाने ‘अमेरिकन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त एका कुटुंबाची हकिगत छापली. नव्या घरात राहायला गेल्यापासून त्यांना पावले ऐकू येत, माणसे दिसत, डोके जड होई, मुले फिकी पडली होती. शेवटी बिघडलेली भट्टी सापडली; तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने याच वायूमुळे आपल्या शहरांत किती घरांवर घाला घातला आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा एखाद्या मराठी भयकथेच्या भागाखाली अभिप्राय लिहायचा असेल, तर किती घाबरलो याच्याबरोबर एवढेही विचारावे: ही घटना सांगणारा माणूस कोण, त्याचे घर कुणी जाऊन पाहिले का, आणि दार वाजल्याचा जो आवाज आम्ही ऐकला तो कुणी घातला?